काजळी घरी न्यायची नाही

आगीच्या बंबावर नोकरी केलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी साचतात, काजळी आणि किस्से. काजळी साबणानं जाते, किस्से कशानंच जात नाहीत! लग्नात म्हणा, तेराव्याला म्हणा, आमच्यापैकी दोघे एका जागी बसले की शेजारचा खुर्ची सरकवून जवळ येतो आणि म्हणतो, "तो धुण्याचा किस्सा सांगा नं भाऊ." आता धुण्याचा किस्सा एकच असता तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो!

तर ही ऐंशी ते नव्वदमधली गोष्ट. पांढुर्ण्याला एकच बंब होता. गाव मध्य प्रदेशात, म्हणून सरकारी पाटीवर त्याचं हिंदी नाव 'दमकल', पण गावात कोणी ते घेत नसे. गाडी चालवायची आणि पंप सांभाळायचा, हे माझं काम. आमचे मुख्य म्हणजे सदाशिवराव जमादार. उंचपुरा माणूस, मिशी उजव्या बाजूनं कायमची आखूड, कारण ती बाजू एका आगीनं खाल्लेली! आवाज असा की सायरन बिघडला तरी आमचं अडत नव्हतं.

आणि आमचा अभिमान काय होता? काळा कोट. कोट जितका काळा तितका माणूस मोठा. आमचं गाव गोटमारीचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायचे. डोकं फुटलं तर पट्टी बांधून गल्लीभर फिरणारी माणसं. तिथं अंगावरची काजळी पुसायची म्हणजे मेडल काढून खिशात ठेवण्यासारखं! जमादारांच्या कोटाला तर कित्येक वर्षांत पाणी लागलेलं नव्हतं. कोणी म्हटलं धुवा, तर ते म्हणायचे, "कोट धुवाले नसते बे, मिरवाले असते!"

हाच माणूस पुढे काय काय धुवायला लावणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत!

*

आमच्यात सगळ्यात हौशी विठ्ठल. फायरमन म्हणून नवा लागलेला, दिसायला बरा आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

सौंसरला त्याच्यासाठी मुलगी पाहायला जायचं ठरलं. त्याच दिवशी सकाळी टायरच्या दुकानाची आग झाली. विझवून आलो, विठ्ठल आंघोळ करून तयार झाला आणि मग ह्या पठ्ठ्यानं काय करावं? खुंटीवरच्या कोटावर हात घासले आणि दोन्ही गालांवर, कपाळावर काजळी लावली!

मी म्हटलं, "अरे, पोरीकडे चाललास का होळीला?"

"तुले काय समजते गजाननभाऊ? पोरीले दिसलं पाहिजे, मानूस आगीतून आला!"

मुलीचे वडील शाळामास्तर. मुलगी शकुंतला. पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, विठ्ठलकडे एकदा पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली. झालं! मास्तर घामाघूम. विठ्ठलची आई माझ्याकडे पाहते, मी छताकडे पाहतो.

तेवढ्यात शकुंतला परत आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात साबणाची वडी.

"पहिले तोंड धुवा. तुमी मले पाहाले आले नं? मंग मलेही पाहू द्या!"

विठ्ठल गुपचूप अंगणात गेला. काळं पाणी वाहायला लागलं ते मोरीपर्यंत गेलं. शकुंतलेनं दारातून नीट पाहून घेतलं आणि वडिलांना म्हणाली, "हाव बाबा. काजळीच्या खाली मानूस आहे!"

पुढच्याच मुहूर्ताला लग्न लागलं.

*

हा किस्सा हसायचा नाही, पण तो गाळला तर पुढचे सगळे उगाच वाटतील.

सौंसरच्या बंबावर माणिकराव म्हणून होते. जमादारांचे उस्ताद. पाइप कसा धरायचा, छपरावर पाय कुठे ठेवायचा, हे सगळं जमादार त्यांच्याच हाताखाली शिकलेले. गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्या माणसाच्या घशात गाठ निघाली आणि त्याला नागपूरला दवाखान्यात ठेवलं.

जमादार ड्युटीवरून उठले आणि कोटासकट नागपूरच्या बसमध्ये बसले. तिथं डॉक्टर माणिकरावांच्या मुलाला विचारत होते. बिडी? नाही. तंबाखू? नाही. दारू? साहेब, माळकरी माणूस आहे. मग काम काय करतात?

"आग इझवते."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. टायरची आग, रंगाच्या दुकानाची, कापसाच्या जिनिंग गिरणीची. तोंडावर काही बांधत होते का? नाही. हात न धुता जेवत होते का? चहा तर तिथंच प्यायचे. कोट कुठे असायचा? खाटेच्या डोक्याशी, खुंटीला.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बिडी न ओढताच हे आयुष्यभर धूर पीत राहिले, आणि झोपेतही! काजळीत कॅन्सर असतो हो. श्वासातून जातो, हाताबरोबर तोंडात जातो, कातडीतूनही आत शिरतो. अंगावर वाळू देऊ नका ती."

माणिकरावांना तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यांनी जमादारांच्या कोटाची बाही धरली. जमादारांना वाटलं, उस्ताद जवळ बोलावून राहिले. ते वाकले. माणिकरावांनी ती बाही दूर लोटली.

त्या पावसाळ्यात माणिकराव गेले.

नागपूरहून परत आले त्या दिवशी जमादार बंबाच्या स्टेशनात शिरले नाहीत. समोरच्या कडुनिंबाला कोट टांगला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि आम्हाला बाहेर बोलावलं. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"आजपासून कोट बाहीर, आपन अंदर. इझली का तिथंच धुवाचं, मंगच गाडीवर चढाचं. धुतल्याबिगर खानं नाही, चहा नाही. राख उपसतानी तोंडावरचा दुपट्टा काढाचा नाही. काजळी घरी नेवाची नाही." मग आम्हा एकेकाकडे पाहत म्हणाले, "माह्या हाताखालचा एकही पोट्टा मी तसा जाऊ देनार नाही."

खरं सांगतो, मला त्या दिवशी आगीची नाही, कोटाची भीती वाटली.

*

नियम केला खरा, पण पाळायचा म्हणजे गंमत होती का!

पहिली पाळी बोरगावला आली. कडब्याची गंजी पेटली होती. ती विझवली आणि जमादारांनी आम्हाला खळ्यात लाइनीत उभं केलं. टाकीत धुण्यापुरतं पाणी ते आता मुद्दाम राखून ठेवत. मी पंपावर, पाइप एकाच्या हातात, बाकीचे डोळे मिटून समोर उभे.

अख्खं बोरगाव गोळा झालं. आमच्याकडे पोळ्याला बैल धुतात, ते तुम्हाला माहीतच आहे. आदल्या संध्याकाळी त्यांची खांदशेकणी होते. पळसाचं पान हळद-लोण्यात बुडवून खांदे शेकायचे आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तर गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "अबे पाहा रे! औंदा पोळ्याच्या आधीच बैलं धुवून राहिले!"

झालं! त्या दिवसापासून आम्ही 'पोळ्याचे बैल'. बाजारातून बंब निघाला की पोरं शिंगं करून दाखवायची.

विठ्ठलला हे फार लागलं. निदान धुणं तरी मर्दानी दिसावं म्हणून तो माझ्यावर ओरडला, "हे काय नानीची आंघोळ घालून राहिला गजाननभाऊ? जोरानं सोड! गावाले दिसू दे!"

मी म्हटलं, "पाहा बरं."

"सोड म्हनतो नं!"

मी सोडलं. विठ्ठल उभा होता तिथून उडाला तो थेट उकिरड्यात! शेणानं माखून, कानात कडबा अडकलेला, असा तो उठून उभा राहिला. बोरगावकर हसून हसून खाली बसले.

जमादार काही हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पुन्हा लाइनीत लाग."

परतताना गाडीत कुरकूर सुरू झाली. लोक हसतात, शोभत नाही, वगैरे. जमादार खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हासू दे. हासनाऱ्याच्या घराले आग लागली, तं आपनच जानार हाओ."

*

आमच्याकडे एक ॲस्बेस्टॉसची चादर होती. पेटत्या डब्यावर, सिलिंडरवर टाकायची. विझवण्यापेक्षा तिचा उपयोग विठ्ठलला जास्त, कारण घडी केली की उशी छान व्हायची! दुपारी जेवण झालं की साहेब ती डोक्याखाली घेऊन बाकावर आडवे. जुनी झाली होती, त्यामुळे हलवली की उन्हात बारीक तूस उडताना दिसायचं.

माणिकरावांच्या वेळच्या त्या डॉक्टरांना जमादार अधूनमधून भेटत असत. एकदा बोलता बोलता चादरीचा विषय निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की ते तूस छातीत गेलं की बाहेर येत नाही, आणि वर्षानुवर्षांनी जिवावर उठतं.

जमादार आले ते विठ्ठल झोपलेला असतानाच आले. ते ओरडले नाहीत. त्याच्या तोंडावर ओला दुपट्टा टाकला, हलकेच उठवलं आणि चादरीवर हळूहळू पाणी शिंपडलं. चिंब ओली झाली तशी प्लॅस्टिकमध्ये बांधली. स्टेशनच्या मागे कोणी जात-येत नाही अशा कोपऱ्यात आम्हाला पुरुषभर खड्डा खणायला लावला.

आता दृश्य पाहा. आम्ही सगळे तोंडाला ओले दुपट्टे बांधून खाली मान घालून उभे. मधे खड्डा. जमादार दोन्ही हातांनी ते गाठोडं खड्ड्यात सोडताहेत. विठ्ठलचा चेहरा तर खरंच रडवेला, उशी गेली होती ना!

कुंपणापलीकडून एक गृहस्थ सायकलवरून चालले होते. ते उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि दबक्या आवाजात विचारलं, "जमादार, कोन गेलं?"

जमादारांनी मूठभर माती टाकली.

"आजून कोनी नाही. म्हनूनच पुरून राहिलो."

*

जमादारांच्या खिशात कायम रुईचं बोंडूक, म्हणजे कापसाचा बोळा, असे. कपाशीच्या मुलखात रुईला काय तोटा! आगीच्या जागी पोचलो की गाडीतून उतरायच्या आधी ते चिमूटभर रुई हवेत सोडायचे. ती जिकडे जाईल, त्याच्या उलट बाजूला गाडी लावायची. धूर आपल्या अंगावर घ्यायचाच कशाला?

सौंसरला कीटकनाशकाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा त्यांच्या मदतीला आम्हाला बोलावलं. संत्र्याच्या बागांवर मारायची औषधं, काय वास होता! जमादारांनी रुई सोडली आणि मला गाडी पार फिरवून पलीकडच्या गल्लीतून आणायला लावली.

गोदामाचे शेठ इकडे रस्त्यात उभे राहून बोंबलताहेत, "तिकडं कायले पळून राहिले? आग इकडं आहे! बंबवाले झाले अन् धुराले भेता?"

जमादारांनी खिशात हात घातला. पुन्हा चिमूटभर रुई सोडली. ती तरंगत तरंगत गेली आणि शेठच्या सदऱ्याला चिकटली.

"शेठ, आता धूर तुमाले शोधत येते. इकडं या!"

शेठ तुसडेपणानं काही बोलायला गेले, तोच वारा आला आणि हिरवट धुराचा लोट त्यांच्या अंगावर! खोकत, डोळे चोळत ते जे धावले ते जमादारांच्या पाठीशी येऊन उभे राहिले. आग विझेपर्यंत त्यांनी जमादारांच्या दुपट्ट्याचं टोक सोडलं नाही.

पुढे मोहगावला एका लग्नात हे शेठ मला दिसले. मांडवाच्या एका बाजूला चुलाणं पेटलेली होती. पंगत मांडली, लोक बसायला धावले. शेठ मात्र उभेच! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून रुई काढली, हवेत सोडली आणि मग नवरदेवाच्या मामाला म्हणाले, "उठा, तुमी तिकडं बसा."

*

आमच्याकडे रीत अशी की आग विझली की घरधनी बंबवाल्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. फार मनापासून पाजतात. कधी पोहे, कधी शिरा.

जिनिंगच्या मागच्या गल्लीत वेणूमाय राहत. संत्र्याचा बगीचा, दावणीला बैलजोडी, घर सुनामुलांनी भरलेलं आणि जीभ धारदार. त्यांच्या गोठ्याचं छप्पर पेटलं. बैल बाहेर काढले, छप्पर विझवलं. वेणूमायनं स्वतःच्या हातानं चहा केला, पितळी पेले ओट्यावर मांडले.

"घ्या बाप्पा."

कोणी हात लावेना! जमादारांचा नियम. आणि नेमकी तेव्हा टाकी रिकामी झालेली, पाणी भरून आणायला मी गाडी विहिरीवर नेली होती. हे आपले काळे हात मागे बांधून उभे, असं मला मागून विठ्ठलनं सांगितलं.

वेणूमायचा चेहरा उतरला, मग तापला. "काऊन? आमच्या घरचं चालत नाही का तुमाले? आमची गाय-बैलं चालते, आमची आग चालते, अन् चहा इटाळते?"

गल्ली दारादारांत येऊन उभी राहिली. आमच्या भागात ह्या गोष्टीवरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत.

जमादार पुढे आले. त्यांनी आपले दोन्ही तळवे वेणूमायसमोर धरले. कोळशासारखे काळे.

"माय, इटाळ तुमच्या चहाचा नाही. आमच्या हाताचा आहे." आणि माणिकरावांचं सगळं सांगितलं, तिथंच उभ्या उभ्या, सगळ्या गल्लीसमोर.

वेणूमायनं ऐकून घेतलं. चहा पातेल्यात परत ओतला आणि पातेलं चुलीवर ठेवलं. सुनांना म्हणाल्या, "रांजन आना वं बाहीर. साबनही आना." आणि बंबवाल्यांकडे वळून, "कानामागं धुवा. मी पाहून राहिली."

*

पंधरा ऑगस्टच्या परेडमध्ये बंबवाले चालायचे. व्यवस्था पाहणारे एक बाबू होते, त्यांनी आमचे कोट पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"जमादार, हे काय? धुतलेले कोट? लोकांना वाटेल तुम्ही वर्षभर झोपा काढल्या! चुलीतली राख फासा, काही करा, पण जरा काम केल्यासारखे दिसा!"

जमादार म्हणाले, "दिसतो साहेब."

योगायोग असा की आदल्याच दिवशी एक आग झाली होती आणि कोट धुतलेलं पाणी बादलीत तसंच होतं. परेड निघाली. पुढे शाळेची पोरं, मग पोलीस, मग आम्ही. स्वच्छ कोट, पुसलेले टोप, दाढी केलेली. आणि सगळ्यांच्या पुढे विठ्ठल आणि आणखी एक जण बांबूला अडकवून ती बादली कावडीसारखी खांद्यावर घेऊन चाललेले! पाणी डांबरासारखं काळंकुट्ट.

लोकांना आधी कळेना. हे काय? कशाचं? मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, हे यांच्या अंगावरचं आहे!"

टाळ्या सुरू झाल्या. चौकात पोचलो तेव्हा लोक पायऱ्यांवर चढून बादलीत डोकावून पाहत होते. विठ्ठलची छाती अशी फुगलेली की कोटाचं बटण तुटलं. त्या दिवशी मला समजलं की अभिमान कोटावर नसला तरी चालतो, बादलीत असला तरी तितकाच दिसतो!

'पोळ्याचे बैल' म्हणणं मात्र लोकांनी सोडलं नाही.

*

आणि आता तो. जो ऐकायला लोक खुर्ची सरकवतात.

जमादार रिटायर व्हायला आले होते. एप्रिलचं ऊन. जिनिंगला आग लागली. रुईची आग म्हणजे महा हलकट! वरून विझली वाटते आणि दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीच्या पोटात धुमसत राहते. एकेक गाठ फोडायची, उपसायची, भिजवायची. आदल्या दुपारी सुरू केलं ते दुसऱ्या दिवशी ऊन तापलं तरी आम्ही उपसतच होतो. दुपट्टे तोंडावर, दुपट्ट्यांचे कोळसे झालेले. पण शेजारची एकही भिंत काळी होऊ दिली नाही. मागची गल्ली, वेणूमायची गल्ली, जशीच्या तशी उभी होती.

शेवटची गाठ विझली आणि मी पंप बंद केला. टाकी कोरडी. जिनिंगची विहीर तळाला गेलेली. गावात नळ दिवसाआड, आणि तो नळाचा दिवस नव्हता.

धुवायला पाणी नाही!

आम्ही जमादारांकडे पाहिलं. ते गाडीच्या पायरीसमोर उभे राहिले. "कोनी चढाचं नाही."

विठ्ठल पार गळून गेला होता. एव्हाना त्याला एक पोरगी झालेली, नुकती धावायला लागलेली. तो म्हणाला, "जमादार, आजच्या दिवस जाऊ द्या नं. घर इथं दोन गल्ल्यांवर आहे. पोरगी वाट पाहून राहिली असन."

"हाव. अन् तू दिसला का धावत येईन. गळ्यात पडीन. गालाले गाल लावीन." जमादारांचा आवाज बसला होता, पण विठ्ठलपर्यंत पोचला. "मंग?"

विठ्ठल मटकन रस्त्याच्या कडेला बसला. आम्हीही बसलो. जिनिंगच्या भिंतीला टेकून, नखशिखांत काळे. जमादार उभेच होते. जिनिंगच्या मालकानं चहा पाठवला, तो त्यांनी हात जोडून परत केला.

चहा परत गेला, तशी बातमी गल्लीगल्लीत पोचली. मग गल्लीच्या तोंडाशी शकुंतला दिसली. डोक्यावर घागर. मागे आणखी एक बाई, तिच्या मागे आणखी. हंडे, पितळी गुंड, कोणाजवळ नुसती बादली. त्या दिवशी गावात प्यायला जे पाणी होतं ते चालत येत होतं! आणि शकुंतलेच्या बरोबरीनं, हातात वाटी आणि पदरात पळसाची पानं घेऊन वेणूमाय.

"बैलं कवाचे उभे आहेत," त्या मागच्या बायांवर ओरडल्या, "अन् तुमी पाय मोडून चालून राहिल्या!"

कोणी हसलं नाही.

जमादार म्हणाले, "पहिले पोट्टे." आम्ही लाइनीत उभे राहिलो. शकुंतलेनं विठ्ठलच्या डोक्यावर घागर ओतली, साबण हातात दिला, आणि पाणी पांढरं होईपर्यंत जागची हलली नाही. काळे ओहोळ नालीतून वाहत गेले. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून पाहत होते, कोणी शिंगं केली नाहीत. माझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी रडत होतो, आणि आंघोळीत ते दिसत नाही ही फार मोठी सोय असते.

सगळ्यांत शेवटी जमादार. ते धुऊन उघड्या अंगानं उभे राहिले, तशी वेणूमायनं पळसाचं पान वाटीतल्या हळद-लोण्यात बुडवलं आणि त्यांचा एक खांदा दाबला, मग दुसरा. मग त्यांचा कान धरून त्यांना खाली वाकवलं. त्या काय बोलल्या ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार स्टेशनात आले ते इस्त्रीच्या कपड्यांत. म्हणाले, "चला बे. आवतन आहे." बंबावर बसून आम्ही सगळे वेणूमायच्या दारात. आतून पुरणाचा वास येत होता. पाटाला लागून पाट मांडलेले.

वेणूमाय पळी हातात घेऊन उंबरठ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. हात?"

जमादारांनी दोन्ही हात पुढे केले. आधी सुलटे, मग उलटे.